आईला हवा पाच नंबरचा पाय

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (एकदा वाकलो की परत सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो, तेव्हा एकाच नमस्कारात तुझे आणि भावोजींचे असे चारही पाय धरले आहेत असं समज). तुझी कंबर, भावोजींचा रक्तदाब आणि तुमच्या डोक्यावरच्या बिऱ्हाडाची भल्या पहाटे कपाटं सरकवायची खोड, या तिन्हींपैकी एखादं जरी ताळ्यावर आलं असेल तर उलट टपाली कळव. इकडे चांगली बातमी ऐकून बरेच महिने झाले, कुठलीही चालेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोन लावला की आई चाकाची खुर्ची ढकलत शेजारी येते आणि म्हणते, ‘तो स्पीकर लाव.’ स्पीकर लावला की तू विचारतेस, ‘आई, कशी आहेस?’ ती म्हणते, ‘छान.’ मग ती विचारते, तू म्हणतेस, ‘छान.’ दोन्हीकडे छान छान झालं की फोन बंद. गेले साडेचार महिने दर रविवारी मी हा कार्यक्रम ऐकतो आहे. म्हणून हे पत्र कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, एका गृहस्थांच्या मांडीच्या साच्यावर कागद ठेवून लिहितोय. अक्षर घसरलं तर दोष माझा नाही, मांडी गोल आहे.

तर, आई छान नाही. साखरेपायी तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, हे तुला माहीत आहेच. तू तेव्हा निघणार होतीस, मग भावोजींची तपासणी निघाली, मग तुझी कंबर निघाली. मी त्याबद्दल काही म्हणत नाही (बायको म्हणते, ‘काही म्हणत नाही’ हे तुम्ही ज्या सुरात म्हणता, त्यापेक्षा सरळ भांडलात तर समोरच्याला बरं वाटेल). पाय गेला त्याचं आईने फारसं केलं नाही. ‘सत्त्याहत्तर वर्षं वापरला, आणखी किती ओढायचा,’ एवढंच म्हणाली. घोळ झाला तो नवा पाय आल्यावर. पाय तयार आहे. आमच्या कारखान्यातून आजवर बाहेर पडलेला तो सगळ्यात देखणा पाय आहे. आतली नळी हलकी, वरची खोबण कुठेही न टोचणारी, घोटा लवचीक. आमच्या उस्तादांनी (हे आमचे मुख्य, जन्मभर लोकांना चालतं केलं, स्वतः खुर्चीवरून उठत नाहीत) साचा स्वतःच्या हाताने घेतला. तो पाय गेले बारा दिवस कपाटावर उभा आहे आणि आई खुर्चीत बसली आहे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, ‘आजींचा गुडघा आखडत चाललाय. तीन आठवड्यांत पाय घालून उभ्या राहिल्या नाहीत तर तो असाच धरेल. मग तुम्ही पाय सोन्याचा करा नाहीतर चांदीचा, शोभेला ठेवावा लागेल.’ तीन आठवड्यांतले बारा दिवस गेले. उरले नऊ. आणि सगळं अडलंय ते पायाच्या रंगावर.

इथे मला माझ्या धंद्याविषयी दोन शब्द लिहिणं भाग आहे. सव्वीस वर्षांत तू ते विचारलं नाहीस, आणि मी लोकांना नुसतं ‘रंगकाम’ म्हणून सांगतो, त्यामुळे भावोजींची समजूत मी भिंती रंगवतो अशी आहे (त्यांनी एकदा बाल्कनीला कुठला रंग टिकेल असं विचारलं होतं, मी उत्तरही दिलं होतं). मी कातडी रंगवतो. कृत्रिम हातापायांवर रबरासारखं एक आवरण चढवतात. त्यात रंग कालवायचा, वर बारीक कुंचल्याने शिरा काढायच्या, घोट्यापाशी सुरकुत्या पाडायच्या, आणि शेवटी डास चावून खाजवल्याचा एक जुना डाग टाकायचा. डाग हवाच. निर्दोष कातडी दिसली की लोकांना पहिला संशय येतो. रंग ठरवायला आमच्याकडे अठरा तुकड्यांची माळ असते. एक नंबर इतका फिका की खालचं टेबल दिसेल की काय अशी भीती वाटावी, आणि अठरा नंबर असा की उजेडात धरला तर त्याला निळसर झाक येते आणि मला तो सगळ्यात आवडतो (हे गिऱ्हाइकांना सांगायची सोय नाही). नियम असा, की दुपारच्या आत, उत्तरेकडच्या खिडकीशी, शाबूत पायाच्या नडगीला माळ लावायची आणि जो तुकडा नडगीत हरवेल तो नंबर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी या माळेवर मनातल्या मनात आपलं घर मोजून टाकलं होतं: तू पाच, बाबा सहा, मी अकरा, आई चौदा. आपल्या घरात आईला कशातही सगळ्यात जास्त गुण मिळाल्याचा हा एकच प्रसंग.

सव्वीस वर्षांत ‘जरा एक नंबर उजळ करा’ म्हणणारे शेकडो आले. एक नंबर गडद मागणारा एकच, त्यालाही नंतर मोतीबिंदू निघाला. पाय गेल्याचं दुःख असतंच; पण गेलाच आहे तर येताना जरा गोरा येऊ दे, एवढी आशा माणूस भूल उतरायच्या आधीपासून धरून असतो. मी सगळ्यांना एकच उत्तर देतो: दुसरा पाय चुगली करील.

आता माझी चूक सांगतो. आईच्या नडगीला माळ लावली तेव्हा ती तीन महिने इस्पितळ आणि निजायची खोली यांपलीकडे गेली नव्हती. ऊन न लागल्याने कातडी निवळली होती. माळेवर बारा नंबर जुळला, मी बारा रंगवला. (गिऱ्हाईक किती दिवस घरात आहे हे विचारायचं, ही आमच्याकडे शिकाऊ माणसालाही पहिल्या दिवशी सांगतात ती गोष्ट. स्वतःच्या आईला कोण विचारतो?) पाय घरी आला. आईने त्यावरून हात फिरवला, बायकोला उभा आरसा आणायला लावला, आणि चार दिवसांत दोन दांड्यांच्या मधून सात पावलं टाकली. व्यायामाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच बाईंनी फर्मान काढलं की आजींना रोज बाल्कनीत बसवा, गडद कातडीला हाडांपुरतं जीवनसत्त्व करायला ऊन जास्त लागतं. बसवलं. पंधरा दिवसांत जिवंत पाय आपल्या मूळ चौदावर परत आला आणि नवा तिथेच बारावर राहिला.

ताई, शहाण्या माणसाने इथे गप्प बसायचं असतं. घरात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांना ते दोन पाय दोन आवाजांत ओरडताना दिसायला लागले, आणि सव्वीस वर्षांची अब्रू आठवली. शनिवारी मी पाय पिशवीत घालून कारखान्यात आणला, आवरण सोलून काढलं आणि नवं केलं. अस्सल चौदा. डाव्या नडगीवर तिला पत्रा लागल्याची खूण आहे ना, तसलीच एक उजव्यावरही काढली. उस्ताद म्हणाले, ‘आता सख्खे दिसतात.’ फुशारकीने घरी नेला आणि आईच्या मांडीवर ठेवला. तिने बराच वेळ बघितलं.

‘हा कोणाचा?’

‘तुझाच.’

‘माझा तर कापून टाकला ना? मग पुन्हा तोच कशाला घेऊन आलास?’

त्या दिवसापासून तिने त्याला हात लावलेला नाही. मी लगेच शेपूट घातलं, म्हटलं बारा परत करून देतो. तर बाईसाहेब म्हणतात, बारा नको, आता करायचाच तर पाच. तुझा नंबर. (नंबरांची भानगड मीच कधीतरी जेवताना बोललो होतो. धंद्याचं घरी बोलू नये.) शिवाय तिने बाल्कनी बंद केली. डावा पाय आणखी तापायला नको म्हणून पडदे ओढून बसते. आमच्याकडे भर दुपारी दिवा लागतो, आणि व्यायामाच्या बाई अंधारात खुर्चीला अडखळून म्हणतात, ‘आजी, हाडांचं काय?’ आई म्हणते, ‘हाडं कोणाला दिसतात?’

बायकोने समजूत काढली. ‘अहो सासूबाई, लांब कपड्यात पाय कोण बघतंय?’

‘मी बघते.’

उस्तादांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘जिवंत पायाला जुळेल तोच रंग. आज तुम्ही आईला लेकीचा रंग द्याल, उद्या कोणी शेजाऱ्याचा मागेल. पाय करून देणं आपलं काम, जन्म बदलून देणं नाही.’ वर, एक चौदा आणि एक पाच अशा पायांची बाई रस्त्यात दिसली तर लोक कारखान्याला हसतील, हेही सांगितलं. बाई रस्त्यात दिसली तर माझी हसून घ्यायची तयारी आहे असं मी म्हणालो, पण ते साचा उकलायच्या आवाजात गेलं.

मग मला वाटलं, आईची समजूत चुकीची आहे, तर तिला शास्त्र समजावावं (शिकलेल्या माणसाला शेवटी हाच मूर्खपणा सुचतो). माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. त्यांना डावा हात मनगटापासून नाही. त्याऐवजी माझ्याकडून करून घेतलेले दोन आहेत, एक उन्हाळ्यातला आणि एक थंडीतला. रविवारी चहाला बोलावलं. आले, उन्हाळी हात काढून टेबलावर साखरेच्या डब्याशेजारी ठेवला आणि शिकवायला सुरुवात केली. वर्ग सुटायची घंटा वाजून बारा वर्षं झाली, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

ते म्हणाले, फार पूर्वी आपल्या पूर्वजांच्या अंगभर केस होते आणि केसांखालची कातडी बहुधा फिकीच होती. केस झडले तसं डोक्यावरचं ऊन थेट अंगात शिरायला लागलं. उन्हाने रक्तातलं एक जीवनसत्त्व नासतं, आणि ते नासलं की पोटातलं पोर नीट धरत नाही. ज्यांची कातडी गडद होत गेली त्यांची पोरं जगली. लाखो वर्षं सगळी माणसं गडदच होती. ‘म्हणजे आजी, मूळ रंग तुमचा. बाकीचे नंतर फिकटले.’

‘धुवून धुवून?’ आई म्हणाली.

मास्तर हसले नाहीत, त्यांना वर्गात हसण्याची सवय नाही. म्हणाले, काही लोक कमी उन्हाच्या मुलखात गेले, तिथे हाडांसाठीचं जीवनसत्त्व अंगात होईना, म्हणून तिथे पिढ्यान्‌पिढ्या फिक्या कातडीचं चाललं. गोरेपणा म्हणजे उन्हाच्या टंचाईत काढलेली वाट.

‘मग माझ्या सासूबाई कुठल्या बर्फात जन्मल्या होत्या? त्यांच्या माहेरी पत्रे तापून पोरांचे पाय भाजायचे. आणि मला बघायला आल्या तेव्हा पहिलं काय म्हणाल्या विचारा. दिवा जरा मोठा करा म्हणाल्या. भर दुपारी.’

मास्तरांनी घोटभर चहा घेतला. मग म्हणाले, रंग तयार करणाऱ्या पेशी सगळ्या माणसांच्या अंगात जवळजवळ सारख्याच असतात. तुमच्यात जास्त नाहीत आजी, त्या फक्त काम जास्त करतात.

‘त्यासुद्धा माझ्यासारख्याच म्हणायच्या. बाकीच्यांच्या बसून खातात.’

‘आणि तो रंग,’ मास्तर आता घाम पुसत होते (उजव्या हाताने, डावा डब्याशी निवांत पडला होता), ‘कातडीच्या पेशी आपल्या गाभ्यावर छत्रीसारखा धरतात. ऊन आत पोचू नये म्हणून.’

‘छत्री आतल्याला. बाहेरच्याला काळोखच दिसतो ना, मास्तर?’

मला वाटलं झालं, रविवार वाया गेला. पण आईच खुर्ची पुढे ओढून म्हणाली, ‘एक विचारते. माझी थोरली बापावर गेली असं सगळे म्हणत आले. तिच्यात माझं काही आलंच नाही, असं होतं का हो?’ मास्तरांनी बाबांचा नंबर विचारला, तुझा विचारला, माझा विचारला, कागदावर काहीतरी मांडलं. म्हणाले, रंगाचा धागा एक नसतो, कितीतरी असतात, मुलाला निम्मे आईकडून येतात आणि निम्मे बापाकडून. ‘एकट्या बापाच्या जोरावर मुलगी पाच होणार नाही आजी. तुमच्यातही काही फिके धागे होते. गडद धाग्यांच्या गर्दीत ते तुमच्या अंगावर दिसले नाहीत, नेमके तिच्या वाट्याला गेले. तिचा गोरेपणा निम्मा तुम्ही दिलाय.’

‘मी?’

‘तुम्हीच.’

आई गप्प झाली. तिला गप्प बसवणारा माणूस मी बावन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिला, तोही एका हाताचा. मग तिने हळूच विचारलं, ‘तिला माहीत आहे का हे?’ मास्तरांना कोणाला ते कळलं नाही. त्यांनी हात उचलला, बसवला आणि निघाले.

मी रात्रभर निश्चिंत झोपलो. शास्त्र जिंकलं होतं. सकाळी खोलीत गेलो तर पडदे ओढलेले, पाय कपाटावर, आणि आई म्हणाली, ‘पाचच कर.’

असो. कळवायचं ते कळवलं. तुमचा लोभ आहे तेवढा टिकवा, वाढवायला आमच्याकडे जागा नाही. भावोजींना नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्या, दोघंही, आणि अनवाणी फिरू नका. एका पायाचं रंगकाम मला पुरे झालं आहे.

तुझा,
अकरा नंबर

ता. क. – खरं तर पत्र इथून सुरू करायला हवं होतं, पण मला धीर यायला एवढी पानं लागली. काल मी आईला विचारलं, पाचच का? दहा माग, सात माग. तेव्हा तिने सांगितलं. तू आठवीत होतीस. गणिताची परीक्षा होती आणि तू कंपासपेटी घरी विसरली होतीस. आई मला तिसरीच्या वर्गात सोडायला निघाली होती, तशीच आधी तुझ्या वर्गाच्या दाराशी आली. तुझ्या मैत्रिणीने विचारलं, कोण गं ही? तू म्हणालीस, आमच्याकडे कामाला आहे. आईने ते ऐकलं. तिने पेटी तुझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘ताई, तुमच्या आईंनी पाठवलीय.’ तू मैत्रिणीपुढे खोटी पडू नयेस म्हणून. मी तिचं बोट धरून उभा होतो. ती तुला ‘तुमच्या’ म्हणाली याची मला फार गंमत वाटली आणि मी खो खो हसलो. मी हे साफ विसरलो होतो. तू तेरा वर्षांची होतीस, तूही विसरली असशील. त्यानंतर ती तुझ्या बरोबरीने रस्त्याने कधी चालली नाही, आठवून बघ. कायम दोन पावलं मागे. तुझ्या लग्नातसुद्धा. मला वाटायचं ती हळू चालते. काल म्हणाली, ‘एकदा तिच्या शेजारून जायचंय. बघणाऱ्याला एक पाय तरी तिच्या घरचा वाटला पाहिजे.’

ता. क. दुसरा – पाच नंबर मी माळेवरून करून देईन. उस्तादांना काय सांगायचं ते बघतो, नाहीतर आवरण घरी रंगवतो. पण शेजारून जायला शेजारी कोणीतरी लागतं, ते मला रंगवता येत नाही. नऊ दिवस आहेत, तुझ्याकडून यायला एक लागतो. माफी मागायच्या भानगडीत पडू नकोस. ती साफ कानांवर हात ठेवेल आणि मला खोटारडा ठरवेल, हे तुला सांगणार नाही असा मी तिला शब्द दिला होता. फक्त ये, आणि तिच्याबरोबर घरापासून कोपऱ्यापर्यंत चाल. भर दिवसा. रस्त्यात कोणी विचारलंच ‘ह्या कोण?’, तर काय सांगायचं ते मी लिहीत नाही.

ता. क. तिसरा – पत्र घरी आणून पाकीट चिकटवत होतो तर आईने विचारलं, कोणाला? म्हटलं, ताईला. येणार आहे का ती? म्हटलं, बोलावलंय. तिने तुला निरोप सांगितला आहे, तो जसाच्या तसा देतो: ‘एवढ्या उन्हाचं येऊ नको म्हणावं. काळी पडशील.’

निरोप पोचवला. तू ये.